ऑरव्हिल टॅकेटच्या कोटातलं मॅगझिन

आमच्या चर्चच्या सुरक्षा पथकात आम्ही सहा जण. सहा जणांत मिळून चार गुडघे कृत्रिम, तीन कानांत यंत्रं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन न झालेला मी एकटा. म्हणजे ज्याला अजून नीट दिसत नाही तो. दर रविवारी सदऱ्याखाली पिस्तूल खोचून आम्ही प्रार्थनेला जातो. ओक्लाहोमाच्या या भागात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल एवढंच, की आमच्यापैकी कुणी अजून स्वतःच्या पायात गोळी मारून घेतलेली नाही. त्याचं श्रेय ऑरव्हिल टॅकेटला.

ऑरव्हिलने सगळं आयुष्य शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवलं. निवृत्त झाला त्या वर्षी त्याने चर्चचा पुढचा दरवाजा सांभाळायला घेतला आणि पुन्हा सोडला नाही. आत प्रवचन चालू असताना हा बाहेरच्या दालनात, भिंतीला पाठ लावून, काचेतून गाड्या न्याहाळत उभा. त्याची बायको नेल्डा म्हणायची, "तारण झालं तरी हा स्वर्गात आत जायचा नाही. दारातच उभा राहील."

त्याच्या प्रेमाचा दुसरा विषय म्हणजे मॅगझिन, पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती काडतुसांची लांबट डबी. "पिस्तूल सहसा दगा देत नाही," तो मला सांगायचा. "दगा देतं मॅगझिन. पिस्तूल ज्या कंपनीचं, मॅगझिनही तिचंच घे. बंदुकांच्या प्रदर्शनात टेबलावर स्वस्तात मिळतात ती कागद उडू नयेत म्हणून बरी."

त्याच्या प्रत्येक मॅगझिनवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. सरावाची वेगळी, अंगावर बाळगायची वेगळी. सरावाची मातीत पडतात, आपटतात, त्यांच्या कडा वाकतात. आत तेलाचा थेंब नाही, कारण तेलाला धूळ चिकटते. दोनदा अडकलं, की ते हातोड्याने चपटं करायचं. "नाहीतर आपल्यासारखा कंजूष माणूस ते परत पेटीत टाकतो, आणि नको त्या दिवशी तेच हाताला येतं."

स्प्रिंगवरून मात्र आमचं बरंच भांडण झालं. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग थकते, असं माझं मत.

"थकत नाही," तो म्हणाला. "भरून-रिकामी करून झिजते. विश्रांती तुला लागते, स्प्रिंगला नाही."

पथकाचे नियमही त्यानेच केले. वर्षातून एकदा चाचणी. रविवारी जे अंगावर असतं, तेच घेऊन उभं राहायचं. मॅगझिनने धोका दिला तर माणूस नापास, आणि नापास माणूस वर्षभर पथकाबाहेर. आम्ही सगळ्यांनी हात वर केले, कारण स्वयंपाकघरात मासे तळायला घेतले होते आणि चर्चा लांबवायची कुणाची तयारी नव्हती.

यंदाची चाचणी सप्टेंबरात झाली, मार्व्हा लेडबेटरच्या कुरणात, तळ्याच्या बांधासमोर. मार्व्हा पथकातलीच, शेरीफच्या पोलीस खात्यातली निवृत्त डेप्युटी, म्हणून चाचणी तीच घेते. ती आम्हा सगळ्यांपेक्षा तरुण, आणि ते आम्हाला विसरू देत नाही.

ऑरव्हिल रविवारचा कोट घालून उभा राहिला. पहिलं मॅगझिन झकास गेलं. कागदी माणसाच्या छातीत सगळी भोकं मुठीएवढ्या जागेत. ते रिकामं झाल्यावर त्याने कोटाच्या खिशातून दुसरं काढलं, मुठीत सरकवलं, वरची सरक पुढे सोडली, चाप ओढला.

खट्.

त्याने मुठीच्या तळाला थाप मारली, सरक मागे ओढून सोडली, पुन्हा चाप ओढला. खट्. मार्व्हाने शिट्टी वाजवली. वेळ संपली होती.

तिने मॅगझिन हातात घेऊन पाहिलं. वरचं काडतूस कडेला घट्ट चिकटलेलं, बोटाने दाबूनही हलेना. तिने बोटाचा वास घेतला.

"ब्रदर ऑरव्हिल, हा पेपरमिंटचा वास आहे."

दारातून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर ऑरव्हिल पेपरमिंटची एक गोळी ठेवतो. त्या गोळ्या याच खिशात. ऑगस्टभर कोट त्याच्या ट्रकमध्ये टांगलेला होता आणि एक गोळी वितळून कागदातून पाझरली होती. घरी पेटीतली सगळी मॅगझिनं त्याने दर महिन्याला उघडून पुसली होती. हे त्यातलं सर्वांत भरवशाचं म्हणून निवडलं, आणि एकदा निवडलं म्हणून पुन्हा बाहेर काढून पाहिलंच नाही.

"हा मॅगझिनचा दोष नाही," ऑरव्हिल म्हणाला.

"नाहीच," मार्व्हा म्हणाली. "म्हणजे तुमचा."

"उकाडा बघ ना यंदाचा."

"उकाडा नियमात नाही."

"मग पेपरमिंट तरी कुठे आहे नियमात?"

"काडतुसांच्या खिशात दुसरं काही नको, हे मला कुणी शिकवलं?"

आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत होतो. शेवटी मार्व्हाच जरा नरमली. "दुसरं मॅगझिन लावा. इथे सगळे आपलेच आहेत."

ऑरव्हिलने आमच्याकडे पाहिलं. 'लाव' एवढंच म्हणायचं होतं. माझ्याही तोंडावर आलं होतं. पण मी माझ्या कागदाकडे पाहत होतो, ज्यातली काही भोकं कागदी माणसाच्या बाहेर होती. मी पास झालो होतो, जेमतेम. दुसऱ्या संधीचा विषय निघाला असता तर तो माझ्या भोकांपर्यंत आला असता.

"नको," ऑरव्हिल म्हणाला. "एकाला दुसरी संधी दिली की सगळे मागतील. मी तर सगळ्यात आधी मागितली असती." त्याने पथकाचं कानात घालायचं वायरलेस काढून मार्व्हाच्या हातावर ठेवलं. "गाढवाने नियम केला. आता गाढवानेच वाहावा."

पुढच्या रविवारी दारात मी उभा होतो. मार्व्हाकडे मागचं दार असतं, आणि पथकात बाकी कुणी इतका वेळ उभं राहू शकत नाही, एवढीच माझी पात्रता. ऑरव्हिल नेल्डाशेजारी शेवटच्या बाकावर बसला होता आणि सारखा मागे वळून आतल्या दाराच्या काचेतून माझ्याकडे बघत होता. मी गाड्यांकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघतोय हे कळल्यावर त्याने हाताने खूण केली: बाहेर बघ. नेल्डाने त्याला कोपराने ढोसलं.

प्रार्थना संपल्यावर पास्टर दारात येऊन लोकांशी हस्तांदोलन करू लागले. ऑरव्हिल समोर आला तेव्हा त्यांनी प्रेमाने विचारलं, "मग, इतक्या वर्षांनी आत बसलात. कसं वाटलं प्रवचन?"

"लांब आहे," ऑरव्हिल म्हणाला, आणि माझा कोट वर करून पट्ट्यावरचं मॅगझिन काढून बघू लागला.