कर्णिकांची वॉरंटी

१९९७ साली नेरूळच्या आमच्या सोसायटीत लॅपटॉप एकट्या जयप्रकाश कर्णिकांकडे होता. मुलाने, अभिरामने, अमेरिकेहून पाठवलेला. एके दिवशी तो सुरूच होईना. मी वाशीहून मेकॅनिक आणला. त्याने बॅटरी काढून पुन्हा बसवली, चार्जर तपासला आणि म्हणाला, “आतली वायर सुटलीय. दहा मिनटांचं काम.”

“स्क्रूला हात लावायचा नाही!” कर्णिक ओरडले. “सील तुटलं की वॉरंटी गेली!”

वॉरंटी चालणार फक्त अमेरिकेत. म्हणून हा गृहस्थ चार महिने तिकडे जाणारं माणूस शोधत फिरला. शेवटी सीवूड्सच्या एक बाई तयार झाल्या. आता, परदेशी निघालेल्याच्या हाती नुसती एकच वस्तू देणं आपल्याला जमतं का? लॅपटॉपला धक्का लागू नये म्हणून कर्णिकांनी भोवती मेतकुटाच्या पिशव्या लावल्या आणि वर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली. “तेल गळेल,” मी म्हटलं. त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

महिन्याने अभिरामचा फोन आला. कंपनीचं म्हणणं, वायर सुटली होती, दहा मिनिटांचं काम होतं. पण आत तेल गेलंय, सबब वॉरंटी रद्द.

कर्णिकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरणीत थोडं तरी उरलं का रे?”