माझं तोंड बघून निवडलेलं सॉफ्टवेअर

जर्मनीत ब्राउनश्वाइगला मुलाच्या बिल्डिंगमध्ये वरती एक नागपूरची पोरगी राहते, आर्किटेक्चर शिकणारी. दर वाक्याला ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’. स्पर्धेसाठी तिला स्वतः डिझाइन केलेल्या घराची कॉम्प्युटरवर फिल्म करायची होती. प्रोफेसर म्हणे, झटपट होणारं सॉफ्टवेअर घे. तिनं तेच घर दोन सॉफ्टवेअरमध्ये करून मला दाखवलं आणि स्वतः कॉम्प्युटरकडे पाठ करून माझं तोंड बघत बसली.

झटपटवालं बघून म्हणालो, “दुकान वाटतंय.”

दुसऱ्यात स्वयंपाकघरात ऊन हळूहळू सरकत होतं. मी बोलून गेलो, “आमची ही इथंच भाजी निवडत बसली असती.”

“गेनाऊ! हेच घेणार.”

“प्रोफेसर चिडेल की.”

“चिडू द्या ना, काका!”

निकालादिवशी तिनं जिन्यातूनच आरोळी ठोकली, “काका, आपण जिंकलो!” मीही दारातून ओरडलो. बायको गेल्यापासून एवढा मोठा आवाज माझ्या गळ्यातून निघाला नव्हता.