मृदंगाचं दुसरं गाणं

साल एकोणीसशे चौतीस आणि माझं वय एकवीस. शाळा दुसरीपर्यंतच झाली, त्यामुळं लिहिताना हात अडखळतो. सांगताना मात्र कधी अडखळलो नाही, आणि तेव्हा तर अजिबातच नाही. विंझरवरून वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीच्या भजनी मंडळात मृदंग माझ्या गळ्यात होता, आणि असा मृदंग आसपास कुणी वाजवत नाही हे मी कुणी न विचारता सांगत फिरायचो. खोटं सांगत नव्हतो. आजही तेच म्हणेन.

आमच्या मंडळाची एक रीत होती, ती दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, लोक कोयते-नांगर पुजतात तशी आम्ही देवळात वाद्यं पुजायचो. वीणा, टाळ, चिपळ्या, मृदंग, सगळं पुसून घोंगडीवर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. मग दसऱ्याची पालखी उठेपर्यंत वाद्य वाजवायचं नाही. त्यांचा तो विश्रांतीचा दिवस. दुपारी मंडळ समोर बसायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या वाद्याचं गाणं म्हणायचं. गाणं नवं पाहिजे, स्वतः बांधलेलं पाहिजे आणि नुसत्या गळ्यानं म्हटलेलं पाहिजे. टाळीसुद्धा वाजवायची नाही, कारण टाळी हेही वाद्यच.

वाद्यं कुणा एकाची नव्हती, देवाची होती. ज्यानं ज्या वाद्याचं गाणं म्हटलं त्याच्याकडं ते पुढच्या दसऱ्यापर्यंत. एकाच वाद्याची दोन गाणी झाली तर मंडळ ज्याला ‘परत’ म्हणेल त्याचं वाद्य. पण हे नुसतं बोलण्यापुरतं. वीणेवाला वीणेचं म्हणायचा, टाळवाले टाळांचं, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपलं वाद्य उचलून पालखीपुढं शिवेपर्यंत जायचा. दोन गाणी झालेली कुणाला आठवत नव्हती.

माझ्याआधी मृदंग आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं होता. भोरला तांदळाची गाडी घेऊन जाताना ओढ्यात गाडी उलटली आणि आबांचा डावा हात चाकाखाली आला. हाड जुळलं, पण मनगट लाकडासारखं झालं. त्यानंतरच्या भजनाला मंडळानं मृदंग माझ्या गळ्यात घातला. आबा टाळकऱ्यांत जाऊन बसले. डाव्या मुठीत एक टाळ अडकवायचे आणि उजव्या हातानं त्यावर दुसरा मारायचे. चार वर्षं असंच चाललं. आबा मुळात बोलणारे नव्हते. घरात दिवसभरात त्यांचा आवाज ऐकू यायचा तो बैलांना हाकताना.

त्या खंडेनवमीला मी ठेवणीतलं मुंडासं बांधून बसलो होतो. वीणेवाल्या म्हाताऱ्यानं सुरुवात केली. मग माझा चुलतभाऊ चिपळ्यांचं म्हणाला आणि सगळ्यांना हसवलं. आबांनी टाळांचं दोन ओळींचं म्हटलं, दरवर्षी म्हणायचे तसं, खाली बघून. मग मी उठलो.

“मृदंग माझा घुमतो भारी, ऐकू जाई तोरण्यावरी,
बोटांमधी वीज नाचे, कोण करील बरोबरी!”

असं बरंच होतं. पोरंटोरं खूश झाली. चुलतभाऊ म्हणाला, “आरं, ह्ये मृदंगाचं गानं हाय का तुजं सोताचं?”

“तुज्या चिपळ्यांला ऐकू गेलं न्हाई का?” मी म्हटलं आणि बसलो. माझ्या लेखी कार्यक्रम संपला होता. वीणेवाला नारळ फोडायला उठत होता.

तेवढ्यात आबा म्हणाले, “थांबा. माजं आजून एक हाय.”

मला वाटलं, टाळांचंच काही राहिलं असेल. आबा उभे राहिले. आधी बसूनच म्हणाले होते, आता उभे राहिले. आणि घोंगडीवरच्या मृदंगाकडं बघून त्यांनी गळा उघडला.

“दोन तोंडांचा मी गडी, एका पोटी श्वास,
डावा हात भरवी मला कणकेचा घास.
हात पडला त्या दिसापून कुनी न्हाई पुसलं,
नवा गळा मिळाला मला, जुनं मन रुसलं.”

मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, तेव्हा तो घुमतो. वाजवून झालं की खरवडून काढतात. आमच्याकडं पीक भाताचं आणि नाचणीचं. घरात मूठभर गव्हाचं पीठ असायचं ते या मृदंगासाठी. त्या कणकेला घास म्हणावं हे मला कधी सुचलं नव्हतं. पण ते तेव्हा कुठलं डोक्यात यायला? माझ्या कानशिलात कुणीतरी भडकावल्यासारखं झालं. आबा गातायत, माझ्या मृदंगाचं गातायत, चारचौघांत गातायत, यातलं कुठलं खरं मानावं तेच कळेना. आवाजसुद्धा ओळखीचा नव्हता. हा आवाज आमच्या घरात राहत होता आणि मी तो कधी ऐकला नव्हता.

गाणं संपलं. दारापाशी बायका बसल्या होत्या, त्यात आई होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

मग कुणीतरी म्हणालं, “परत.”

मी वळून बघितलं. माझा चुलतभाऊ. आत्ता माझ्याशी हसत होता तोच. मागोमाग सगळेच म्हणाले, “परत, परत.” आबांनी परत म्हटलं, पहिल्यापेक्षा हळू. वीणेवाला म्हातारा डोळे पुसून म्हणाला, “झालं. मृदंग थोरल्याकडं.”

मी उठून उभा राहिलो. “थोरल्याकडं? आन वाजवनार कशानं? उद्या पालखी हाय. सारी वाडी पालखीम्हागं चालनार, खालच्या वाड्यांचं लोक येनार. मृदंग मुका न्यायचा का शिवंपर्यंत?”

“वाद्य देवाचं,” वीणेवाला म्हणाला. “गळा कुनाचा त्ये गानं ठरवतं. तुजं गानं आमी ऐकलं की.”

“मंग हाताचं काय?”

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “हात माजा हाय. म्या बघून घेईन.”

मी नारळाचा प्रसाद न घेता घरी आलो. लोक नंतर म्हणाले, चार वर्षांपूर्वी तू बापाला विचारायला पाहिजे होतंस. काय विचारायचं? हात चालत नाही हे सगळ्या वाडीला दिसत होतं. मंडळानं मृदंग गळ्यात घातला, मी नको म्हणायचं होतं का? आणि विचारलं असतं तर आबा काय ‘हूं’च्या पलीकडं बोलणार होते? हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. पण खरी गोष्ट सांगतो, त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. चार वर्षं हा माणूस माझ्या मागं बसून टाळ मारत होता आणि मनात हे बांधत होता. माझ्या प्रत्येक थापेला. हे डोक्यात शिरेना.

दिवेलागणीला आबा जेवायला बसले. मी भिंतीला टेकून बसलो.

“उद्या काय करनार?” मी विचारलं.

“वाजवनार.”

“कशानं?”

“हातानं.”

“कुठल्या?”

आबांनी भाकरी मोडली, तीसुद्धा एका हातानं, ताटात दाबून. “हाय त्या.”

आई चुलीपासून म्हणाली, “एक बोलंना आन दुसरा ऐकंना. देवानं एकाच साच्यातनं काढल्यात. पालखी जाऊ द्या, मंग काय भांडायचं त्ये भांडा.”

“भांडतंय कोन?” आबा आणि मी एकदमच म्हणालो. आईनं कपाळाला हात लावला.

त्या रात्री मी विचार केला की सकाळी वाडीत थांबायचंच नाही. शिवऱ्याला मामाकडं निघून जायचं. मृदंग मुका गेला की मंडळाला कळेल, नाक मुठीत धरून येतील. हे ठरवूनच झोपलो.

सकाळी उठलो तर आई पीठ काढत होती. आबा केव्हाच देवळात गेले होते. एका हातानं कणीक मळता येत नाही, म्हणून आईला सांगून गेले होते. मी तिच्या हातातली वाटी घेतली. कणीक मीच मळली. घट्ट नाही, सैल नाही, आबा मळायचे तशी. मग मुंडासं बांधलं आणि निघालो. फाट्याला शिवऱ्याकडची वाट खाली जाते आणि देवळाची वर. मी वर गेलो.

आबा मृदंग गळ्यात घालून उभे होते. डावा हात मृदंगाच्या डाव्या तोंडावर नुसता टेकवलेला. मंडळ मागं उभं. मी कुणाकडं बघितलं नाही. आबांच्या डाव्या अंगाला गेलो, त्यांचा हात बाजूला केला आणि कणीक लावली.

“जास्त झाली,” आबा म्हणाले.

“न्हाई झाली.”

“उजवीकडं बगू नगंस. ती माजी हाय.”

“कोन बगतंय?”

पालखी उठली. आबांनी उजव्या हातानं बोल काढला, बोटं अजून तशीच होती, आणि थांबले. मी डावीकडून थाप मारली.