काशाबाईंचा तास

सन २०२२. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो आणि जुनं टिप्पर विकत घेऊन मला तीनच महिने झाले होते. मंठ्याजवळ रस्त्याच्या भरावाचं काम निघालं होतं. टेकडीवरून मुरूम भरायचा आणि रस्त्यावर नेऊन ओतायचा. पहिल्याच सकाळी माझ्यापुढं एक निळं टिप्पर येऊन थांबलं. चालवणारा जागचा हललाच नाही. शेजारच्या दारातून एक पन्नाशीची बाई उतरली, डोक्यावरचा पदर सारखा करत सरळ सुपरवायझरपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, फोन काढा अन् तुमच्या तोंडानं टाईम सांगा."

तो हसला. ती हसली नाही. त्यानं सात वाजून दहा मिनिटं झाली असं सांगितलं.

"आणखी जोरात. मागच्या गाडीवाल्याला ऐकू येऊ द्या."

त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "आता तास चालू झाला," असं म्हणून ती परत गाडीत चढली. मागचा गाडीवाला म्हणजे मी.

या काशाबाई. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्यांच्या मातीला मी माझं टिप्पर घेऊनच गेलो होतो आणि आधीपासूनच तिथं नऊ टिप्परं रांगेत उभी होती. आता नवी टिप्परवाली पोरंही त्यांचं नाव घेतात, पण त्यांनी बाईंना पाहिलेलं नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण काशाबाई सांगायला तेवढी पुरे.

घर त्यांचं मूळचं मेंढपाळाचं. पोरं मेंढरांमागं जाईनात म्हणून नवरा-बायकोनं कळप विकला आणि टिप्पर घेतलं. नवरा म्हाळूभाऊ. स्टेअरिंग त्यांच्याकडं, भाव बाईंकडं. म्हाळूभाऊंना कुणी भाव विचारला तर ते नुसता अंगठा करून शेजारच्या सीटकडं दाखवायचे. भाव सांगायचा तर काशाबाई खाली उतरून, चार माणसांत, एकदाच सांगायच्या. कुणी घासाघीस करायला लागला की शांतपणे विचारायच्या, "शेठ, यातला कोणता खर्चा काढू? डिझेल काढू का टायर?" भाव त्या तासावर लावायच्या, आणि त्यांच्या तासात डिझेल होतं, टायर होतं, ऑईल होतं, दोघांची भाकर होती आणि पावसाळाही होता. म्हणायच्या, "गाडी चार महिने उभी राहती. तिचं तव्हाचं पोट आत्ताच्याच तासातून काढायचं. तिला काय उपास करायला सांगता येतो का?"

आता माझं सांगतो. मी पिंपळगाव रेणुकाईचा शेतकरी. जमीन पोरांना वाटून दिली आणि पारावर बसून राहणं मला जमेना. थोरल्याचं न ऐकता टिप्पर घेतलं. तो म्हणाला, पोळ्यापर्यंत गाडीनं स्वतःचा खर्च स्वतः काढला नाही तर विकायची. मी चार लोकांदेखत हो म्हणून बसलो. ती गाडी गेली असती तर मी परत पारावर, आणि मला ते मरणापेक्षा वाईट वाटत होतं.

मी खेपेवर चालवायचो. जितक्या खेपा तितके पैसे. बाकीच्या गाड्यांवरची पोरं जेवायला बसली की मी आणखी एक खेप मारायचो आणि त्यांच्यासमोरूनच हॉर्न वाजवत जायचो. अशा नादात महिन्याभरात दोनदा चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे तुटले. काशाबाई सगळं बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खेपा मोजून राह्यले. गाडी खेपा न्हाई मोजत, ती दगडं मोजून राह्यली."

मला राग आला. मी सगळ्यांदेखत म्हणालो की बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी जू धरतोय, मला शिकवू नका. त्यांना काहीच वाटलं नाही. दगडावर बसून भाकर सोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"भाऊ, तुमच्या वावरात मेंढरं बसायची का न्हाई?"

बसायची, मी म्हणालो. दरसाल खतासाठी बसवायचो.

"मंग ज्वारी कशी द्यायचे? लेंड्या मोजून?"

भोवतीचे सगळे हसले. मी म्हणालो, लेंड्या कोण मोजतं, रातीवर द्यायचो.

"बराबर. माझी सासूच ठरवायची त्यो भाव. मेंढरू तुमच्या वावरात बसलं म्हंजी त्या रातीला दुसऱ्याच्या वावरात न्हाई बसलं. मंग टिप्पराचं काय येगळं हाय?"

मी आयुष्यभर रात मोजून ज्वारी दिली होती, आणि स्वतःची गाडी मात्र लेंड्यांवर चालवत होतो. पण कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशीही खेपेवरच चालवली, फक्त हॉर्न वाजवला नाही.

मग मे महिन्यात पोकलेन बिघडलं. मुरूम भरणारं तेच एक यंत्र, त्याचा पाईप फुटला. आम्ही सहा टिप्परवाले सकाळपासून उन्हात उभे. संध्याकाळी आम्हा पाच जणांच्या हातात दोन-दोन खेपांचे पैसे पडले. काशाबाईंना पूर्ण दिवस मिळाला, कारण सकाळचा टाईम सुपरवायझरच बोलला होता आणि आम्हीच साक्षीला होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जण ठेकेदाराला म्हणालो, आता तासावर. ठेकेदार तरणाबांड होता. म्हणाला, खेपेवर चालवायचं तर चालवा, नाही तर रस्ता मोकळा आहे. मग मला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाला, बाबा, तुम्हाला खेपेला दीडपट देतो, फक्त कुणाला सांगू नका. तुम्ही वडीलधारे, तुमची गाडी आत गेली की बाकीचे मुकाट्यानं मागं येतील.

खरं सांगतो, मला हुरूप आला. दीडपटीत पोळ्याच्या आधीच सगळं फिटत होतं. परत आलो तर काशाबाईंनी माझं तोंड बघितलं.

"काय देतो म्हणला?"

मी म्हणालो, सांगू नका म्हणलाय.

"मंग बिलकुल सांगू नका. तुमची गाडी राहिली पाह्यजे. पण भाऊ, कानात सांगितलेला भाव उद्या त्यो म्हणलाच न्हाई, तर तुमच्याकडून कोण बोलंल?"

मी गाडीच्या पायरीवर चढलो आणि वावरातून गड्याला हाक मारावी तशा आवाजात सगळं सांगून टाकलं. अशी मजा मला उभ्या जन्मात आली नव्हती. एक पोरगा ओरडला, "दीडपट? बाबा, तुमचं टिप्पर काय मुरूम उडवत नेतं का?" आणि सहाही गाड्यांची इंजिनं बंद झाली.

पोकलेन तोवर दुरुस्त होऊन घरघरत उभं होतं. काशाबाई त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. ठेकेदार दहा पावलांवर. त्यांनी ऑपरेटरला विचारलं, "दादा, तुम्ही खेपंवर का तासावर?"

"तासावर, मावशी."

"अन् माती न्हाई उचलली तर?"

"दिवसाचे आठ तास ठरलेत. यंत्र माती उचलो की नुसतं बसून राहो."

ठेकेदारानं एकदा पोकलेनकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. दुपारच्या जेवणाआधी कबूल झाला. सगळ्यांना तास, गाडी साईटवर आल्यापासून सुटेपर्यंत. आम्ही टोप्या उडवल्या. तेवढ्यात त्यानं पुढचं सांगितलं. उद्यापासून निळं टिप्पर इथं नको.

सगळे खाली बघायला लागले. ज्याच्या त्याच्या मागं लेकरंबाळं. मी तोंड उघडणार तोच काशाबाईंनी हातानं मला थांबवलं.

"ठरलेला भाव मोडू नका. आमचा मुक्काम हलायचाच असतो, आज हलला एवढंच. अंबडकडं तलावातला गाळ काढून राह्यलेत, तिकडं बघू." मग माझ्याकडं वळून हळू म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मागं येऊ नका. हितं पाऊस पडंस्तोवर काम हाय, पोळ्याचा खर्चा त्यातच निघंल. गाडी तुमच्याच दारात राहती."

दिवस कलायच्या आत निळं टिप्पर रस्त्याला लागलं. म्हाळूभाऊंनी खिडकीतून हात केला. थोरल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला तासाचं सांगितलं. तो पहिल्यांदाच म्हणाला, मग बरोबर जमलं, आता तिथून हलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिझेल भरलं, टेकडीचा फाटा सोडला आणि अंबडच्या रस्त्याला लागलो. तलावाच्या बांधावर निळं टिप्पर उभं होतं आणि काशाबाई तिथल्या ठेकेदाराला भाव सांगत होत्या. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. ठेकेदारानं विचारलं, ही दुसरी गाडी कुणाची, हिचा तास कसा? काशाबाईंनी तोंड उघडायच्या आत मी खाली उतरलो आणि बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा माझा भाव सांगितला. त्यांच्यापेक्षा पन्नास रुपये जास्त.