फाटकासमोरचं धान

मुलांनो, सौंदडचं घर विकायचं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून ते आम्हाला विकणाऱ्या गृहस्थांबद्दल लिहिते.

प्रत्येक वाक्याआधी ते साक्षीदारासारखा घसा खाकरत. लेकीकडे नागपूरला जायची घाई होती, तरी उन्हाळ्यात घर दाखवेनात. "बाई, आता शेजारी गोड वाटते. धान कापल्यावर या."

गेलो, तर शेजाऱ्याचं धान थेट फाटकासमोर वाळत होतं. आमच्यादेखत त्यांनी त्याला हटकलं, "काऊन रे, रस्ता तुह्या बापाचा आहे का?"

"तुह्या तरी बापाचा आहे का?"

मग घसा खाकरून आम्हाला म्हणाले, "हे दरसालचं आहे. आता घर पाहा."

आधीची गिऱ्हाइकं इथूनच परतली होती. आम्ही घर घेतलं.

धान अजून तिथंच वाळतं, आणि भांडण आता मी करते.