तिरकं उभे राहणारे काका

आमच्या कंपनीतले काका झाकण असलेली कुठलीही वस्तू समोरून उघडत नसत. आधी एक पाऊल डावीकडे, मग मान फिरवायची, मग हात पुढे. "तिरकं व्हा, साहेब," हे त्यांचं पालुपद. सोड्याची बाटली असो की जेवणाचा डबा, सगळ्यांना एकच न्याय. असा माणूस तुमच्याही कंपनीत असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच जिवावर रोज धडधाकट घरी पोचतो.

"डब्यातली भाजी उडणार आहे का, काका?" मी एकदा छेडलं.

"भाजी न्हाई उडत. पन हाताला सवय एकच असावी."

देहूरोडला दारूगोळ्याच्या कामात उमेदीची वर्षं काढून निवृत्तीनंतर ते चाकणला आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आले. लिथियम बोरोहायड्राइड नावाची पांढरी पूड तापवून आम्ही तिच्यातला हायड्रोजन काढायचो. तापमान शंभराच्या थोडं पुढे गेलं की पुडीची आतली रचना बदलते. बाहेरून काही कळत नाही, फक्त पडद्यावरची तापमानाची रेघ जराशी अडखळते. काका तेवढ्यावर नजर ठेवून असायचे. "कूस बदलली बघा." पावणेतीनशेच्या आसपास पूड वितळते, आणि चारशेच्या पुढे हायड्रोजन भरभरून सुटतो. घाईनं तापवली तर मात्र दूध उतू जावं तशी फसफसून नळीत चढते आणि तिथेच थिजते. नळीला बूच बसतं. पुढचं दाब मोजणारं गेज शून्य दाखवतं आणि वायू मागे भांड्यात कोंडलेला राहतो.

पदवी माझ्याकडे होती, पण हे मला शिकवलं काकांनी. "गेजवर शून्य हाय म्हंजे भांडं रिकामं हाय, असं न्हाई, साहेब."

त्या दिवशी पैसे लावणारे पाहुणे यायचे होते. त्यांना पटलं नाही तर प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं. आमच्या हायड्रोजनवर एक छोटा पंखा फिरवून दाखवायचा होता. खोली अपुरी, भट्टीच्या उजवीकडे भिंत, म्हणून पुष्पगुच्छ आणि समोशांचं टेबल मी भट्टीच्या डाव्या अंगाला लावून घेतलं. पाहुणे लवकर आले. मी भट्टीचं तापमान भराभर वाढवलं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्यावरच्या रेघेकडे.

पंखा फिरला. टाळ्या पडल्या. आणि पंखा थांबला. गेज शून्यावर.

पाहुणे चहाला शेजारच्या खोलीत गेले. मी म्हणालो, "संपलेलं दिसतंय. हे भांडं काढा, दुसरं लावू. चहा होईपर्यंत झालं पाहिजे."

"निवू द्या, साहेब. उद्या बघू."

"उद्या ते येणार आहेत का, काका?"

माझा आवाज चढला होता. साठी उलटलेल्या माणसाशी मी तसं बोललो, याची मला आजही लाज वाटते. काकांनी पाना घेतला आणि सवयीनं डावीकडे पाऊल टाकलं. तिथे टेबल होतं. ते टेबलाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग पुढे सरकून भट्टीच्या समोर आले.

"तुमी तरी टेबलाच्या पल्याड व्हा," ते म्हणाले. "तिरकं."

मी झालो. म्हणून हे लिहायला उरलो आहे.

कोंडलेल्या वायूनं भांडं काकांच्या तोंडावर उडालं; तिसऱ्या दिवशी पिंपरीच्या दवाखान्यात ते वारले. चौकशीच्या कागदावर एक ओळ होती : 'कर्मचारी भांड्याच्या समोर उभा होता.' ओळ खरी होती. टेबलाबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खाली सही केली.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"साहेब, एक विचारू? ते घरात कुकरसुद्धा समोरून उघडत न्हवते. मला वरडायचे, तिरकी व्हय म्हनून. मंग त्या दिवशी समूर कसे गेले?"

"माहीत नाही, काकू," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "तुमाला तरी म्हाईत आसंल, आसं वाटलं व्हतं."