धुण्याचा दगड आणि इजिप्तची युक्ती

हसायचं नाही असं कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, कबूल करूनही तुम्ही हसणारच!

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत केबल नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. ताईला बघायला पिंपळगावहून पाहुणे येणार होते. आधीचं एक स्थळ ऐनवेळी फिसकटलेलं, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला. आणि त्याच सकाळी आईची नजर गेटजवळच्या धुण्याच्या दगडावर गेली. साबणाने पांढरा पडलेला तो भलामोठा धोंडा!

"हा आधी मागच्या अंगणात न्या. पाहुण्यांना पहिलं हेच दिसणार!"

"कॉलनीतली चार माणसं बोलावतो," बाबा म्हणाले.

आणि इथे माझी जीभ वळवळली. आदल्याच दिवशी मी टीव्हीवर पिरॅमिड पाहिले होते ना!

"माणसं कशाला? इजिप्तवाले याच्या कितीतरी पट मोठे धोंडे ओढायचे. फळीवर ठेवायचे आणि पुढे पाणी ओतत जायचं. सुळकन सरकतं!"

"त्यांच्यामागे राजाचे फटके होते रे."

"छे! त्यांच्याही बहिणीला बघायला पाहुणे येणार असतील. आई डोक्यावर उभी असली की पिरॅमिडसुद्धा होतो!"

माळ्यावरचं जुनं दार आडवं टाकलं. बाबांनी आणि मी पहारीने दगड त्यावर चढवला, दोर बांधला. बाबा ओढतायत, मी बादल्या ओततोय. आणि काय सांगू, दगड हलला! मागच्या अंगणाची वाट गेटसमोरूनच होती. सरकत सरकत तो बरोबर गेटच्या तोंडाशी आला आणि थांबला. मी आणखी पाणी ओतलं.

दगड खाली जायला लागला.

अहो, इजिप्तमध्ये वाळू! आमच्या अंगणात काळी माती! दिंडोरीला आमच्या पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबल्या. ती भिजली की बैलाचा पायसुद्धा सोडत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक. आणि मी तिला बादलीने पाणी पाजत होतो!

"अरे, गेट उघडत नाहीये!" बाबा ओरडले.

अंग तिरकं करून माणूस कसाबसा शिरेल एवढीच फट. खिडकीतून नवी साडी नेसलेली ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझं लग्न मोडलं ना, तर तुझं तोंड बघणार नाही." खरं सांगतो, तेवढा मी बोर्डाच्या निकालालाही घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात जीप आलीच.

"आन् हे काय हाय?" मुलाची आई पदर सावरत, दगडावर पाय देऊन तिरकी तिरकी आत आली. मी गुडघाभर चिखलात, गेट धरून, मान खाली.

आत पोहे चालले होते. बाहेर मी पहार मारत होतो आणि कान आत लावून होतो. हसण्याचा आवाज आला की जिवात जीव यायचा, शांतता झाली की जायचा.

अखेर सगळे बाहेर आले. मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय आम्हाला."

मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. नखशिखान्त.

"पन हे कोन?"

बाबांनी घसा खाकरला.

"भाडेकरू."

"मंग खोली खाली करून घ्या लवकर. लगीनघर हाय. असलं मानूस लय वाईट."

"कालच सांगितलंय त्याला!" दारातून आई.

आईच्या मागे ताई उभी. माझ्याकडे बघून हात जोडत होती. आता काय करणार, तुम्हीच सांगा!

"हो काका," मी म्हणालो, "महिनाअखेर सोडतो."